उंच गाडी आणि दाराची चौकट

मागच्या कार्तिकात माझी जुनी मोटारसायकल संपली. संपली हा शब्द मी विचार करून वापरतो. इंजिन दोनदा उघडून झाले होते. चासीला तीन ठिकाणी वेल्डिंग होते आणि चौथ्या ठिकाणी ते धरेना. नशिराबादच्या गॅरेजवाल्याने चिंधीला हात पुसले आणि म्हणाला, "नाना, आता सोडा हिला. हिनं तुम्हाला पेन्शनीपर्यंत पोहोचवलं, पेन्शनीत तेरा वर्षं फिरवलं. आणखी काय करायचं बिचारीनं?"

त्याच्या वडिलांच्या हातात पाना होता तेव्हापासून माझी गाडी त्या गॅरेजात जाते. तो खोटे बोलत नाही. मी मान हलवली.

गॅरेजच्या पत्र्याखाली त्या दिवशी दोन वापरलेल्या गाड्या विक्रीसाठी उभ्या होत्या. एक रोडस्टर: ठेंगणी, गोल दिव्याची, सपाट सीटची, डांबरी रस्त्यावर निमूट चालणारी. दुसरी ॲडव्हेंचर: उंच, पुढे चोच काढलेली, चाकांना खोल खाचा. तिच्याकडे पाहिले की वाटे, रस्ता जिथे थांबेल तिथे ही थांबणार नाही.

मला एकच घ्यायची होती आणि ती शेवटची असणार होती. एकाहत्तराव्या वर्षी माणसाने याबाबत स्वतःला फसवू नये.

माझ्यासाठी प्रत्येक गाडीमागे एक रस्ता होता. पहिला पश्चिमेचा. गिरणेचा पूल ओलांडायचा, एरंडोल, पारोळा मागे टाकायचे आणि धुळ्यात शिरायचे. तिथे पांझरेच्या अंगाला आमच्या मुलीचे घर आहे. महिन्यातून एकदा आम्ही दोघे जातो. पत्नी मागे, दोन्ही पाय डाव्या बाजूला घेऊन, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून बसते. चव्वेचाळीस वर्षे ती अशीच बसत आली आहे. खांद्यावरचे ते वजन नसले की मला गाडी हलकी लागते आणि वळणावर माझा अंदाज चुकतो.

दुसरा रस्ता उत्तरेचा. तापी ओलांडून फैजपूर, तिथून केळीच्या मळ्यांतून सातपुड्याच्या पायथ्याशी. मग एक नाला, आणि नाल्यापलीकडे दगडांची चढण. चढण संपते तिथे एक पाडा आहे. त्या पाड्यात माझ्या साखळीचे दुसरे टोक धरणारा माणूस राहतो.

हे थोडे सांगितले पाहिजे. मी सरकारी मोजणीदार होतो. शेतांच्या हद्दी मोजण्याचे काम. माझ्या उमेदीच्या काळात जमीन लोखंडी साखळीने मोजत. साखळी सहासष्ट फुटांची. एक टोक मी धरी, दुसरे टोक घेऊन चेनमन पुढे जाई. सव्वीस वर्षे माझा चेनमन एकच होता. ओरडून बोलण्याची मला सवय नव्हती, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या होत्या. रेषा सरळ आली की मी उजवा हात डोक्यावर ताठ उभा धरी. तो पाही आणि खुंटी ठोकी. कामाच्या वेळी सहासष्ट फुटांपेक्षा जवळ येण्याचे आम्हाला कारण पडत नसे. तरी त्याच्याइतके मला कोणी ओळखत असेल असे वाटत नाही.

तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. दीड वर्षापूर्वी बैल बुजला आणि त्याचा पाय खुब्यातून दुखावला. तेव्हापासून तो डोंगर उतरत नाही. पाड्यावर फोन लागत नाही. माझ्या जुन्या गाडीने त्याच सुमारास नाला चढणे सोडले होते. म्हणजे दीड वर्ष आमची भेट नव्हती.

उंच गाडी घेतली तर मी त्याच्या दारापर्यंत जाऊ शकत होतो. ठेंगणी घेतली तर आमची भेट पुन्हा होणार नव्हती. हे मी कोणाला बोललो नाही. घरात ते माहीत होते.

त्या आठवड्यात दुपारी जेवून आडवा झालो की डोळा लागे आणि गाडी सुरू होई. कोणती ते दिसत नसे. नुसता संथ आवाज, आणि दोन्ही बाजूंनी केळीची पाने मागे सरकत. पानांच्या वर सातपुड्याची निळी रेघ. ती जवळ येत नसे, दूर जात नसे. शेतांच्या कोपऱ्यांवर आमच्या मोजणीच्या पांढऱ्या झेंड्या उभ्या असत, ज्या उपटून पंचवीस-तीस वर्षे झाली. मी त्यांच्यामधून जाई. मग दार येई. चेनमनच्या घराचे दार. त्याच्या चौकटीची वरची बल्ली माझ्या टोपीला हलकेच घासे आणि मी जागा होई. जागे झाल्यावर डोक्यावर हात जाई. टोपी खुंटीला असे.

मी स्वप्नांवर विश्वास ठेवणारा नाही. टेप घेऊन गॅरेजात गेलो.

ठेंगणीची सीट जमिनीपासून सव्वाएकतीस इंच भरली. उंचीची साडेतेहतीस. मी वहीत लिहिले आणि खाली माझी उंची लिहिली, पाच फूट साडेसहा इंच. त्यावरून पायाची लांबी काढली.

गॅरेजवाला माझ्या मागे येऊन वहीत पाहत होता. "ही उंची कधीची, नाना?"

"सेवापुस्तकात नोंद आहे."

"मग गाडी सेवापुस्तक चालवणार का?"

मी उंच गाडीवर टांग टाकली. बुटांचे चवडे टेकले.

"चवडे पुरतात," मी म्हणालो.

"पुरतात. गाडी चालत असेल तोवर टाचासुद्धा लागत नाहीत." तो हसला. "थांबल्यावर काय? नाना, माझं ऐका. ही बुटकी तुमच्या वयाची आहे. ती दुसरी माझ्या भाच्याच्या वयाची. त्यानं घेतली आणि सहा महिन्यांत विकायला काढली; म्हणतो, जळगावात हिला चालवायला डोंगरच नाही."

"मला डोंगर आहे."

त्याने चावी काढून माझ्या हातात ठेवली. "उद्याचा दिवस घेऊन जा. तुमच्या डोंगरावर जाऊन या. नंतर बोलू."

माझे चवडे जिथे टेकले होते तिथे वर्षानुवर्षे सांडलेल्या ऑइलचा आणि मातीचा थर होता, चांगला बोटभर जाड. ते मी हिशेबात धरले नाही. दुसऱ्या कोणी केले असते तर मी त्याची मोजणी फेटाळली असती.

सकाळी गाडी दारात उभी केली. पत्नी ओट्यावर आली. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या सीटवर तळहात ठेवला आणि तो हात तसाच सरळ आपल्या अंगापाशी आणला. तो तिच्या कमरेच्या वर आला.

"ओट्यावरून बसता येईल मला," ती म्हणाली. "धुळ्याला उतरताना काय करायचं? तिथेही ओटा बांधून घ्यायचा का?"

"अजून घेतलेली नाही."

"मी कुठे म्हटलं घेऊ नका." ती आत गेली आणि बिबड्यांचा डबा घेऊन आली. ज्वारीचे पापडासारखे बिबडे, उन्हाळ्यात केलेले. "हे त्यांना द्या. भाजून खा म्हणावं, तळू नका. आणि हळू जा. तुम्ही त्या उंटावर बसल्यावर शेजारच्या गच्चीतून दिसाल."

कार्तिकातल्या उन्हाला धार नसते. तापीच्या पुलावर पाणी रुंद आणि स्थिर होते. फैजपूर मागे पडल्यावर रस्ता केळीत शिरला आणि गार झाला. गाडी उत्तम होती. खड्डे तिला कळत नव्हते. मी उंचावर बसलो होतो आणि बांधापलीकडची शेते मला दिसत होती. कितीतरी शेतांचे कोपरे मी ओळखले. हा बांध दोन भावांनी तीनदा सरकवला होता. त्या विहिरीपाशी साखळीची कडी तुटली होती आणि चेनमनने ती दाताने वाकवून बसवली होती. कापूस वेचणाऱ्या बायका वाकलेल्या होत्या. गाडीच्या आवाजाने कोणी वर पाहिले नाही. क्षणभर वाटले, मी तिथे नाहीच. नुसते जुने काम त्या रस्त्याने पुन्हा एकदा जात आहे.

रस्ता नाल्यापर्यंत नव्याने डांबरी झाला होता. ते मला माहीत नव्हते. डांबर नाल्याच्या काठावर अचानक संपत होते, कापल्यासारखे.

मी नाल्यात उतरलो. पाणी घोटाभर होते. मध्यावर दोन गायी उभ्या होत्या, म्हणून थांबलो आणि पाय खाली सोडला. पाय खाली गेला. आणखी खाली गेला. जमीन आली नाही. आठवते ते एवढेच की घाई कशाचीच नव्हती. गाडी हळूहळू झुकली, आकाश तिरपे झाले, आणि मी पाण्यात बसलेला होतो. हँडलला टांगलेला डबा तेवढा हातात होता.

चाऱ्याचे भारे घेऊन दोन बायका मागून येत होत्या. त्यांनी भारे काठावर ठेवले. एकीने गाडीचे हँडल धरले, दुसरीने मागची कडी, आणि गाडी उभी केली. धाकटी पदर तोंडाला लावून हसत होती.

"बाबा, घोडा मोठा शे," ती म्हणाली.

"मोठा नही," थोरली म्हणाली, "बाबा धाकला व्हई ग्या."

मी आभार मानले. मोजणीदाराला त्या मुलखात इतके हसलेले मी पूर्वी ऐकले नव्हते.

पलीकडची चढण गाडीने सहज घेतली. पाड्यात शिरलो तेव्हा चेनमन अंगणात खाटेवर बसला होता. त्याने मला ओल्या कपड्यांसह पाहिले, गाडीकडे पाहिले. काठी टेकत उठला.

"या साहेब. घरमा चाला."

त्या दाराविषयी आता सांगतो. बावीस वर्षांपूर्वी त्याने हे घर बांधले. चौकट बसवायच्या दिवशी मी त्याच शिवारात मोजणीला होतो. त्याने मला बोलावून भिंतीपाशी उभे केले, माझी टोपी डोक्यावर चेपून बसवली आणि टोपीला लागून उभ्या खांबावर कोळशाने रेघ मारली. त्या रेघेवर वरची बल्ली बसली. "साहेबले वाकाले नको," एवढेच तो सुताराला म्हणाला. त्याच्या घरातली माणसे ठेंगणी आहेत. पाड्यात इतके उंच दार दुसरे नव्हते. थंडीत वारा आत येतो म्हणून त्याची बायको ती असेपर्यंत बोलत राहिली. त्याने दार बदलले नाही. मी जेव्हा जेव्हा त्या घरात गेलो तेव्हा बल्ली माझ्या टोपीला घासली. अलीकडची काही वर्षे मात्र आम्ही बाहेर अंगणातच बसत होतो. कोणाच्या घरात शिरताना घराने मला असे ओळखलेले दुसरे आठवत नाही.

मी आत पाऊल टाकले. बल्ली घासली नाही.

पहिल्यांदा वाटले की सवयीने मान वाकवली असेल. मागे आलो, ताठ उभा राहिलो, पुन्हा गेलो. चेनमन बाजूला उभा राहून पाहत होता. मग तो जवळ आला. माझी टोपी आणि बल्ली यांच्यामध्ये त्याने बोटे घातली. एक बोट, दुसरे, तिसरे. तिसरे आरामात गेले.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही कमी व्हई ग्यात."

"बल्ली सरकली असेल."

"वरथे कशी सरकी?"

त्याचे बरोबर होते. खांब जमिनीत कुजून खाली बसतो, वर चढत नाही. आणि जमीन दरवर्षी शेणामातीने सारवली जाते. बावीस वर्षांत ती बोट-दोन बोटे वरच आली असणार. म्हणजे तीन बोटांत ती दोन मिळवायची. मी हे मनात मांडले. त्यानेही मांडले असावे, कारण तो खाली जमिनीकडे पाहत होता.

नोकरीभर मी एक नियम पाळला. नकाशा आणि जमीन यांत फरक आला तर प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन पुन्हा मोजायचे, कागद दाखवून वाद घालायचा नाही. कितीतरी शेतकऱ्यांना मी हे कठोरपणे ऐकवले. माझ्या स्वतःच्या बाबतीत मी पन्नास वर्षांपूर्वीचा कागद घेऊन गॅरेजात गेलो होतो.

आम्ही आत बसलो. त्याने बिबडे निखाऱ्यावर भाजले. बाहेरच्या उन्हाची चौकोनी पट्टी दारातून आत आली होती आणि तिच्यात धूर सावकाश वर चढत होता. त्या उंच दारामुळे घरात उजेड फार येई. बराच वेळ आम्ही ती पट्टी भिंतीकडे सरकताना पाहिली.

"गाडी कोनी शे?" त्याने विचारले.

"माझी नाही. घ्यायची का ते ठरवतो आहे."

"पडनात ना नाल्यामा?"

"पडलो."

"मंग कसाले लेतस?"

"दुसरी घेतली तर ती नाला चढणार नाही. मग इथपर्यंत येणे व्हायचे नाही."

त्याने बिबड्याचा तुकडा मोडला. तो चावून संपवला. "दुसरी डांबरपर्यंत येस ना?"

"येते."

"नाल्यापासून आठेलोग किती?"

मी दाराबाहेर पाहिले. "अडतीस साखळ्या."

"चाळीस," तो म्हणाला. "वळणना दोन धरा." मग बोटाने जमिनीवर एक रेघ ओढली आणि मध्यावर नख रोवले. "इस तुम्ही चाला. इस मी. मधमा अंजननं झाड शे."

वीस साखळ्या म्हणजे पाव मैल. एके काळी आम्ही सकाळच्या न्याहारीपूर्वी त्याच्या कितीतरी पट जमीन तुडवत होतो. आता ते अंतर त्याच्या खुब्याला आणि माझ्या गुडघ्याला विचारून ठरवावे लागणार होते. इतकी वर्षे मी त्याच्या दारात गाडीने आलो. पायी यायचे मला एकदाही सुचले नव्हते. साहेब पायी येत नसतो, असे काहीतरी माझ्या मनात असावे. ते कोणी घातले, आठवत नाही.

"पाय चालेल का?" मी विचारले.

"तुम्हना चालेल का, ते देखा."

परत येताना नाल्यात मी उतरून गाडी हाताने ढकलत नेली. गॅरेजात चावी परत दिली. गॅरेजवाल्याने गाडीच्या डाव्या बाजूचा चिखल पाहिला, माझ्या विजारीवरचा पाहिला, आणि सांगितले, "बुटकीचं ब्रेक ऑइल बदलून ठेवलंय, नाना. कालच."

ठेंगणी आमच्या दारात आली तेव्हा पत्नी ओट्यावरून उतरली, जमिनीवर उभी राहिली आणि जमिनीवरून मागे बसली. "हं," ती म्हणाली. धुळ्याला आम्ही त्याच आठवड्यात जाऊन आलो. पारोळ्यापुढे रस्ता मोकळा होता. तिचा हात खांद्यावर होता. पांझरेचा पूल येईपर्यंत एकाही वळणावर माझा अंदाज चुकला नाही.

पौषात मी उत्तरेला निघालो तर ती बिबड्यांचा डबा घेऊन आधीच फाटकापाशी उभी.

"कुठे?"

"चव्वेचाळीस वर्षं नुसतं ऐकते आहे तुमच्या चेनमनबद्दल. आता गाडीवर मला बसता येतं."

डांबर संपले तिथे गाडी उभी केली. पत्नीला चढण झेपणारी नव्हती. गाडीपाशी सावलीत ती बसली. मी डबा घेऊन नाला ओलांडला आणि चढू लागलो. मनात साखळ्या मोजत होतो. दहाव्या साखळीला थांबलो. पंधराव्याला थांबलो. अंजनाच्या झाडापाशी पोहोचलो तेव्हा तिथे कोणी नव्हते.

मी बुंध्याला टेकून बसलो. झाडाची बारीक पाने हलत होती आणि त्यांचा उजेड माझ्या हातांवर हलत होता. डोळा लागला असावा, कारण झेंड्या दिसल्या. पुन्हा वर पाहिले तेव्हा सागाच्या खोडांमधून एक पांढरा ठिपका खाली येत होता. चार पावले येई, थांबे. चार पावले, थांबे. मग बराच वेळ हललाच नाही.

मी उठलो आणि पुढे चढलो. त्याच्यापाशी पोहोचलो तेव्हा माझ्या एकतीस साखळ्या झाल्या होत्या. त्याच्या नऊ. तो दगडावर बसला होता, काठी गुडघ्यांमध्ये उभी.

"नऊच व्हयन्यात," तो म्हणाला.

"चाळीस पूर्ण झाल्या," मी म्हणालो.

त्याने डबा उघडून पाहिला आणि बंद केला. पायाजवळचा एक धोंडा काठीने सरकवून वाटेच्या कडेला नीट उभा केला, खुंटी ठोकतो तसा. मग विचारले, "अक्का उनी का?"

मी खाली बोट दाखवले. नाल्यापलीकडे, डांबराच्या टोकाला, ठेंगणी गाडी दिसत होती, आणि शेजारी हिरव्या लुगड्याचा एक ठिपका. चेनमन काठीवर जोर देऊन उठला. एक डोळा मिटून त्याने त्या ठिपक्यापर्यंतची रेषा पाहिली, जशी मी पाहत असे. मग उजवा हात डोक्यावर ताठ उभा धरला.

त्या खुणेचा अर्थ तिला कधी कोणी सांगितलेला नाही. थोड्या वेळाने खाली तिनेही हात वर केला.

तो तसाच उभा राहिला. मीही खाली बसलो नाही.